पेच गावचा पाहुणा



युरोपात हंगेरी नावाचा देश आहे आणि त्या देशाच्या दक्षिणेला 'पेच' नावाचे एक जुने शहर आहे. उच्चार अगदी आपल्या पेच शब्दासारखाच. माझ्या भाचीला तिथल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीने कपाळाला हात लावला. म्हणाली, "दादा, गावाचं नावच पेच! पोरगी एवढ्या लांब जाऊन पेचात पडली म्हणजे?"

बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. मेहुणे रिक्षा चालवतात. भाची गेली ती हंगेरी सरकारच्या 'स्टिपेंडियम हंगेरिकम' या शिष्यवृत्तीवर. २०१३ साली ही योजना सुरू झाली. तीत शिक्षणाची फी माफ असते, दरमहा थोडा खर्च मिळतो आणि राहायला वसतिगृह किंवा त्याऐवजी घरभाड्याला मदत मिळते. पहिले वर्ष पोरगी वसतिगृहात राहिली. दुसऱ्या वर्षासाठी तिला एका मैत्रिणीबरोबर बाहेर खोली घ्यायची होती. झाले, बहिणीची झोप उडाली. कारण पुण्यातला अनुभव ती विसरलेली नव्हती. बी.एस्सी.ला असताना पोरीने तिथे चार ठिकाणी खोल्या बघितल्या होत्या. भाडे ठरले, डिपॉझिट ठरले, मग शेवटी विचारले, "आडनाव काय म्हणालात?" त्यानंतर खोली "पाहुण्यांना दिली" गेली. एकदा नव्हे, दोनदा.

"दादा, तू डोळ्यानं बघून ये," बहीण म्हणाली. मी एक साधा कारकून. पण भाचीसाठी मामाने नाही तर कुणी जायचे? पतसंस्थेतून कर्ज काढले, साठवलेली रजा टाकली, व्हिसा काढला आणि गेल्या वर्षी मे महिन्यात निघालो. ही हकिगत त्या आठ दिवसांची.

राजधानी बुडापेस्टहून पेचला रेल्वेने सुमारे तीन तास लागतात. सपाट शेते मागे पडली की उत्तरेला मेचेक नावाचे डोंगर दिसू लागतात. त्यांच्या पायथ्याशी उतारावर हे शहर वसलेले आहे. वस्ती दीड लाखाच्या आतबाहेर. स्टेशनावर भाची उभी होती. परक्या मुलखात "जयभीम मामा" हे दोन शब्द ऐकले आणि डोळ्यांत पाणी आले. खोटे कशाला सांगू?

माझी राहण्याची सोय तिने एका 'वेन्देगहाज'मध्ये केली होती. 'वेन्देग' म्हणजे पाहुणा, 'हाज' म्हणजे घर. म्हणजे आपले पाहुणाघरच की! डोंगराच्या चढावर एक जुने घर, अंगणात अक्रोडाचे झाड, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक छोटे सामाईक स्वयंपाकघर. मालकीणबाई सत्तरीच्या. त्या देशात घरातली खोली पाहुण्याला देण्याची पद्धत जुनी आहे. कम्युनिस्ट राजवटीतही सरकारी पर्यटन संस्थेमार्फत कुटुंबे असे पैसे देणारे पाहुणे ठेवत असत. आजही रस्त्याने जाताना एखाद्या फाटकावर 'सोबा किआदो' अशी पाटी दिसते. म्हणजे खोली भाड्याने देणे आहे.

बाईंनी माझा पासपोर्ट घेतला आणि यंत्राखाली धरून त्याची नोंद केली. २०२१ पासून हंगेरीत कुठेही मुक्काम केला तरी प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र असे नोंदवावे लागते. शिवाय माणशी, दर रात्रीचा नगरपालिकेचा कर वेगळा. त्याची पावतीही मिळाली. मी बी.कॉम. झालेला माणूस, पावती मिळाली की मला बरे वाटते. पासपोर्ट परत देताना बाई हसल्या, किल्ली दिली, गरम पाण्याची कळ दाखवली. आडनाव वाचले, पण ते त्यांच्या लेखी नुसती अक्षरे होती. मी खोलीत जाऊन पलंगावर बसलो आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. पन्नाशीला आलो, पण आडनाव वाचून समोरच्याच्या चेहऱ्यात काहीच फरक पडला नाही, असे माझ्या बाबतीत फार थोड्या वेळा घडले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मामा-भाची पायी सहलीला गेलो. अशा जुन्या शहरांत ही चांगली सोय असते. ठरलेल्या वेळी चौकात जमायचे, मार्गदर्शकामागून दोन-अडीच तास चालायचे आणि ऐकायचे. आमच्या गटात बारा माणसे होती. मार्गदर्शक एक मध्यमवयीन बाई, पूर्वी शाळेत इतिहास शिकवत असत. त्यांचे इंग्रजी सावकाश होते, त्यामुळे मलाही समजत होते.

सुरुवात सेचेनी चौकातून झाली. चौकाच्या वरच्या अंगाला हिरव्या घुमटाची मोठी इमारत आहे. दिसायला मशीद, पण घुमटावर चंद्रकोर आणि तिच्यावर क्रूस! ही गाझी कासिम पाशाची मशीद. तुर्कांनी १५४३ साली पेच घेतले आणि १६८६ पर्यंत ते त्यांच्या ताब्यात राहिले. त्यांनी इथले जुने चर्च पाडून त्याच दगडांची मशीद बांधली. तुर्क गेले आणि मशिदीचे पुन्हा चर्च झाले. १७६६ साली तिचा मनोरा पाडला गेला. आत गेलो तर एकीकडे येशूची प्रार्थना चाललेली आणि भिंतीत मक्केच्या दिशेचा कोनाडा अजून तसाच.

बाई म्हणाल्या, "इथे दगड तेच राहिले, मालक बदलत गेले." मी भाचीला म्हटले, "हे वाक्य वहीत लिहून ठेव." ती म्हणाली, "मामा, मी हे वाक्य चौथ्यांदा ऐकतेय. वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीचे आईवडील आले की मी याच सहलीला येते."

तिथून थोड्या अंतरावर कॅथेड्रलचा चौक. त्याच्याखाली जमिनीत रोमन लोकांची स्मशानभूमी आहे. रोमन काळात या गावाचे नाव सोपियाने होते. चौथ्या शतकात इथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जमिनीखाली कबरींच्या खोल्या बांधल्या आणि त्यांच्या भिंती रंगवल्या. एका खोलीत पीटर आणि पॉल या संतांची चित्रे आहेत. ती खोली १७८२ साली सापडली. २००० साली युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारशात घेतले. तिकीट काढून आपण पायऱ्यांनी खाली उतरतो आणि काचेतून सोळाशे वर्षांपूर्वीचा रंग बघतो. लाल रंग अजून लाल आहे.

मी बाईंना विचारले, "रंगीत खोल्या श्रीमंतांच्या. गरिबांना कुठे पुरत असत?" बाईंना प्रश्न आवडला. म्हणाल्या, इथेच, आजूबाजूला साध्या कबरीही सापडल्या आहेत, पण त्यांच्यावर चित्र नाही म्हणून कुणी विचारत नाही.

पुढे चार मनोऱ्यांचे कॅथेड्रल बघितले. इथले बिशपचे पीठ १००९ सालचे. जवळच जुन्या विद्यापीठाचे अवशेष आहेत. १३६७ साली राजा लायोशने ते स्थापन केले. हंगेरीतले हे पहिले विद्यापीठ. ते फार काळ टिकले नाही, आजचे विद्यापीठ नंतरचे. तरी भाचीने तिथे उभे राहून फोटो काढला आणि आईला पाठवला. खाली लिहिले, "साडेसहाशे वर्षांपूर्वी इथे शाळा होती. घाबरू नकोस."

मग एका गल्लीत लोखंडी जाळीवर हजारो कुलपे लटकलेली दिसली. प्रेमी जोडपी आपली नावे कोरून कुलूप लावतात. १९८० च्या दशकापासूनची ही रीत आहे म्हणे. भाची गालात हसत होती. मामाने तिकडे फार लक्ष दिले नाही, एवढेच लिहितो.

शेवटी कोशूत चौकातले ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर. १८६९ साली पूर्ण झालेली भव्य वास्तू. इथे बाईंचा आवाज खाली आला. १९४४ च्या जुलै महिन्यात या शहरातल्या ज्यू कुटुंबांना गाड्यांत कोंबून आउश्वित्झच्या छळछावणीकडे पाठवले. बहुतेक परतलेच नाहीत. गटातले सगळे गप्प उभे राहिले. सहल तिथे संपली.

दुपारी आम्ही दोघेच झोल्नॉयच्या कारखान्याकडे चालत गेलो. चिनी मातीच्या भांड्यांचा आणि कौलांचा हा कारखाना १८५० च्या दशकात सुरू झाला. १८६५ मध्ये विल्मोश झोल्नॉय यांनी तो हाती घेतला आणि त्याचे नाव जगभर केले. त्यांच्या तेरेझ आणि युलिया या मुलींनी नक्षीचे नमुने तयार केले. १८९३ मध्ये इथे 'इओसिन' नावाची झिलई निघाली. प्रकाश फिरेल तसा तिचा रंग फिरतो. कधी हिरवा, कधी जांभळा, कधी तांबूस सोनेरी. इओस म्हणजे ग्रीक भाषेत पहाट. बुडापेस्टमधल्या मोठमोठ्या इमारतींच्या छपरांवर इथलीच कौले आहेत. १९४८ साली कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले. २०१० मध्ये पेच युरोपची सांस्कृतिक राजधानी होते. त्या निमित्ताने जुन्या कारखान्याच्या आवारात संग्रहालये, कार्यशाळा, खेळायच्या जागा झाल्या. विटांच्या उंच चिमण्या तशाच ठेवल्या आहेत. आपल्या मुंबईच्या गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले ते आठवले आणि या शहराचे मनोमन कौतुक वाटले.

पेचच्या डोंगरात कोळसाही होता आणि १९५० च्या दशकापासून युरेनियमही निघे. त्या कामगारांसाठी बांधलेल्या वसाहतीचे नाव आजही उरान-वारोश, म्हणजे युरेनियम नगर, असेच आहे. युरेनियमची खाण १९९७ साली बंद झाली. कोळशाच्या भूमिगत खाणीही विसाव्या शतकाच्या अखेरीस एकेक करून मिटल्या. गिरणी बंद पडल्यावर घराचे काय होते हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

खाणकामगारांच्या कडेच्या वस्त्यांतून चांगली घरे मिळालेली माणसे निघून गेली आणि ज्यांना दुसरीकडे कुणी घर देत नव्हते ती तिथे आली. त्यांत बहुतेक रोमा कुटुंबे. ज्यांना जग जिप्सी म्हणते ते हे लोक. भाषा आणि रक्त दोन्हींचा अभ्यास सांगतो की यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या उत्तर-पश्चिम भारतातून निघाले. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला 'पानी', नाकाला 'नाक', कानाला 'कान' म्हणतात. २०११ च्या हंगेरीच्या जनगणनेत तीन लाखांवर लोकांनी स्वतःला रोमा लिहिले. खरी संख्या दुपटीहून जास्त असावी असे अभ्यासक मानतात. कारण लिहायला लोक कचरतात. का कचरतात, तेही आपल्याला सांगायला नको. नाझी काळात यांचीही कत्तल झाली. पण सकाळच्या अडीच तासांत रोमन आले, बिशप आले, तुर्क आले, ज्यू आले; रोमांसाठी सहल कुठेच थांबली नाही.

"अशी वस्ती बघायला जाऊ या का?" मी भाचीला विचारले.

ती थांबली. म्हणाली, "नको मामा. माणसं बघायला म्हणून जाऊ नये. ओळखीनं जावं. धारावीत गोरे लोक सहलीनं येतात तेव्हा तुम्हालाच राग येतो ना?"

पोरीने माझे कान उपटले आणि ते योग्यच केले.

ओळख संध्याकाळी झाली. जिच्याबरोबर भाचीला खोली घ्यायची होती ती मैत्रीणच रोमा, त्यातही 'बेयाश' समाजाची. या समाजाचा जुना धंदा लाकडाची काठवटे, परातीसारखी भांडी कोरण्याचा. रोमानी भाषा त्यांच्याकडून सुटली, ते जुन्या वळणाची रोमानियन बोलतात. मुलगी विद्यापीठात समाजकार्य शिकते. तिचे माध्यमिक शिक्षण झाले ती शाळा याच शहरात आहे. दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला शाळेच्या फाटकापर्यंत नेले. रोमा मुलांसाठी १९९४ साली सुरू झालेल्या या शाळेत रोमानी आणि बेयाश या भाषा शिकवल्या जातात. ज्या भाषेत बोलल्याबद्दल आजोबांनी मार खाल्ला, त्या भाषेचा नातीने पेपर लिहिला.

शाळेचे नाव 'गांधी गिम्नाझिउम'. पाटी वाचून माझ्या मनात काय आले ते या साप्ताहिकाच्या वाचकांना वेगळे सांगत नाही. मी गप्प राहिलो. त्या मुलीने माझ्याकडे बघितले आणि इंग्रजीत म्हणाली, "उत्तरेत शायोकाझा गावात आमची आणखी एक शाळा आहे. तिचे नाव डॉ. आंबेडकर." मला ते ठाऊक होते. यानोश ओर्शोश आणि तिबोर देर्दाक यांनी बाबासाहेबांविषयी वाचले, ते महाराष्ट्रात येऊन गेले आणि २००७ साली त्यांच्या जयभीम समुदायाने ती शाळा सुरू केली. पण वाचलेली गोष्ट वेगळी आणि त्या मातीतल्या मुलीच्या तोंडून ऐकलेली वेगळी. मी तिला म्हटले, "पाटीवर कुणाचेही नाव असो, तू शिकलीस हे मोठे."

आता खोलीची गोष्ट. आम्ही तिघांनी तीन दिवस खोल्या बघितल्या. पहिल्या घरमालकाशी मैत्रीण फोनवर बोलली. तिची हंगेरियन उत्तम, मायबोलीसारखीच. "या, खोली रिकामी आहे." वीस मिनिटांत पोहोचलो. मालकाने दार उघडले, तिच्या चेहऱ्याकडे बघितले, मग भाचीकडे, मग माझ्याकडे. "क्षमा करा, आत्ताच दिली." भाचीने इंग्रजीत सांगितले, मी भारतातून आलेली विद्यार्थिनी आहे. तो गृहस्थ एकदम मवाळ झाला. म्हणाला, "तुम्हाला एकटीला हवी असेल तर बघू."

भाची म्हणाली, "थँक यू," आणि वळली.

जिना उतरताना मला पुणे आठवले. तिथे आडनाव विचारून दार मिटले, इथे रंग बघून. माझ्या पाहुणाघरच्या बाई मला बघून हसल्या होत्या ते खरेच होते. पण मी पाहुणा होतो. खिशात परतीचे तिकीट असलेल्या माणसाला दार उघडणे सोपे असते. जे शेकडो वर्षे इथेच राहतात त्यांना तेच दार बंद. माझ्या पलंगावरच्या त्या पहिल्या दिवसाच्या समाधानाचा हिशोब मी त्या जिन्यात पुन्हा मांडला. जमेच्या बाजूला लिहिलेली रक्कम दुसऱ्या कुणाच्या खात्यातून आलेली होती.

मैत्रीण मात्र शांत होती. "मला सवय आहे," म्हणाली. भाची म्हणाली, "मलाही होती. मोडायची ठरवली आहे."

तिसऱ्या दिवशी उरान-वारोशमध्ये एक खोली मिळाली. चार मजली इमारत, समोर झाडे, खाली बसचा थांबा. मालक म्हातारे. दोघींना बसवले, चहा केला, भाडे सांगितले, कराराचा कागद काढला. मी कारकुनी सवयीने विचारले, "करारात दोघींची नावे येतील ना?" मैत्रिणीने ते हंगेरियनमध्ये सांगितले. म्हातारबुवा म्हणाले, "भाडे दोघी देणार तर नावेही दोघींचीच." मी कागदावरचा एकेक आकडा भाचीकडून समजून घेतला आणि मगच तिला सही करू दिली. डिपॉझिटची पावती घ्यायला विसरलो नाही.

त्या रात्री बहिणीला फोन केला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "शेजार कसा आहे?"

मी म्हटले, "शेजारचं माहीत नाही बाई, पण खोलीत सोबतीला आपलंच माणूस आहे."

"आपलं? तिथं कोण आपलं?"

"हजार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेलं," मी म्हटले. तिला काय समजले कोण जाणे, पण ती हसली, आणि फोन ठेवताना म्हणाली, "दोघींनाही माझा जयभीम सांग."

पालकांसाठी थोडे लिहितो. या शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत भरायचे असतात. आपल्याकडून केंद्रीय शिक्षण मंत्रालयाकडेही नाव जावे लागते. मुलगा-मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच चौकशी सुरू करा. हिवाळा कडक असतो, गरम कपड्यांचा खर्च आधी धरा. भेटायला गेलात तर छोट्या पाहुणाघरात उतरा, स्वयंपाकघर वापरता आले की निम्मा खर्च वाचतो. मार्गदर्शकाबरोबरची पायी सहल जरूर करा. बाईंनी सांगितलेले सगळे मला उपयोगी पडले. पण सहलीत कोण राहून गेले ते विचारायलाही लाजू नका. मी साध्या कबरींबद्दल विचारले तेव्हा त्यांना रागच आला नाही. उलट निरोप घेताना त्या म्हणाल्या, "उद्यापासून तिथे एक मिनिट थांबत जाईन."

त्या थांबतात की नाही ते भाची बघेल. पाचव्यांदा त्या सहलीला ती जाणारच आहे. पुढच्या मे महिन्यात तिची आई येणार आहे. बहिणीने पासपोर्टचा अर्ज भरला आहे.